बांध येईपर्यंत

अकोले गावच्या स्टँडवर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सून मोबाईलवर पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होती.

"आत्याबाई, माझा पहिला प्रोग्राम! तुमचं नाव दहादा लिही म्हनलं, पन त्यो थांबतच न्हाई!"

सासू मोबाईलमध्ये डोकावून वाचू लागली, "आक्काबाई, आक्काबाई… अगं बया, सगळा मोबाईल भरला की!"

"दहा झाले की थांब, असं सांगितलंय त्याला."

"भात लावताना आपन बांधाला थांबतो. पन एकेक पाऊल मागं सरकतो, म्हनून बांध येतो. ह्यो सरकतो का जागचा?"

"अवो, मोजायचा आकडा एकावरच हाय! दर वेळी एकानं वाढव, हे सांगायचंच राहिलं. थांबा… थांबला! आत्याबाई, बरोबर दहाला थांबला!"

"दहाच? शंभर कर की. तुझ्या सासऱ्यानं उभ्या जन्मात एकदा घेतलं न्हाई माझं नाव."