विहिरीची बातमी

तुमाले सांगतो, महाराष्ट्र नवाच झालता, तवा मी महागावजवळच्या एका तांड्यावर मास्तर होतो. आमचे आमदारसाहेब सरकारच्या बातम्या सांगाले आले. कागद पाहून म्हणाले, "तुमच्या तांड्याची विहीर पूर्ण झाली!"

कोणीच टाळी वाजवली नाही. म्हातारी सोनीबाई उठली अन् तांब्याभर पाणी घेऊन आली. पाणी गढूळ होतं.

साहेबांनी विचारलं, "विहिरीचं काय हे, माय?"

"नाल्याचं हाय, बापू. विहीर तुमच्या कागदातच हाय."

साहेब तांब्यातलं सारं पाणी पेले अन् म्हणाले, "चाल माय, नाला दाखव मले."

उन्हाळ्याच्या आधी विहीर झाली. तवापासून साहेब कोणत्याबी गावाले गेले, की आधी पाणी मागत, मंग बातम्या सांगत.