दोन बोटं उंच

शिंपीणबाई मुद्दाम ऐकत नव्हत्या, पण दवाखान्यातला बाकच आखूड. शेजारी कुबडीवाले आजोबा आणि हात गळ्यात बांधलेला एक ड्रायव्हर बोलत होते.

"हाताला काय झालं, आजोबा?"

"मनगट उचलत नाही. कुबडी उंच पडते, काखेतली नस दबते म्हणे."

"मग खालून दोन बोटं कापा. सुताराचं पाच मिनिटांचं काम."

"डॉक्टरही तेच म्हणाले."

"मग घोडं कुठं अडलंय?"

"आमच्या हिची आहे. माझ्यापेक्षा उंच होती ती. कापली तर तिची कशी राहील?"

"मग ही कोपऱ्यात ठेवा, दुसरी घ्या."

"ती गेल्यापासून वर्षभर कोपऱ्यातच होती. माझा गुडघा गेला, तेव्हा कुठे घरात पुन्हा तिची टकटक ऐकू आली."