कळंबोलीचा कोल्हा

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात किशोरी नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एका डोळ्याला पट्टी बांधलेले आजोबा आणि त्यांचा कॉलेजातला नातू. भिंतीवरच्या टीव्हीवर कार्टून चालू होतं, आवाज बंद.

"प्रणित, तुजाच चॅनल ना ह्यो?"

"तोच, आजा. पण आता पार बदललाय."

"पयले इंग्लिश व्हता. तुला कल्ला नाय, मना कल्ला नाय."

"म्हणून तर कार्टूनमधल्या सगळ्यांचं तूच बोलायचास! तुझा कोल्हा कळंबोलीहून ट्रक पळवायचा आणि कर्नाळ्याच्या जंगलात लपायचा."

"मंग हिंदी आला, तवा तू रडलास."

"रडणारच! कोल्ह्याचा आवाजच खोटा वाटायला लागला."

"टीवीचा आवाज बंद करून मनाच बोलाया लावलास."

"त्यांच्यापेक्षा तू कितीतरी भारी बोलायचास, आजा."

"आता मना नुस्तं रंग दिसतान. काय चाललाय तेच्यान?"

पडद्यावर दोन ससे पतंग उडवत होते. प्रणित खुर्ची ओढून आजोबांना चिकटून बसला.

"कोल्हा हाय, आजा. कलंबोलीशी ट्रक घेऊन निंगालाय. मागं पोलीस!"

"आरं, पलव त्याला!"

नर्सने किशोरीचं नाव पुकारलं.

"जरा थांबा हो," किशोरी म्हणाली, "ट्रक कर्नाळ्याला पोचू दे."