पंख्याखालची क्लिप

चेंबूरच्या बॅटरीवाल्याकडे रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको होते. नवऱ्याच्या बोटाला पट्टी आणि काखेत मॉडेल हेलिकॉप्टर.

“भाऊ, इंजिनाचा प्लग तापवायला दीड व्होल्टचा सेल द्या. प्लगवर लावायच्या क्लिपलाच बांधतो.”

“अहो, लांब वायर घ्या. हात तरी पात्यांपासून लांब राहील.”

“वायर पात्यांत अडकली की वाट लागली, सुगंधा. आणि इंजिन सुरू झाल्यावर क्लिप हातानेच काढायची असते.”

“मागच्या रविवारी काढलीत ना. तीन टाके पडले.”

“एका हाताने वरचा पंखा फिरू नये म्हणून धरायचा, दुसऱ्याने खालची क्लिप काढायची. पंखा सुटला.”

“सुटणारच. हात थरथरतो तुमचा.”

“मग काय, विकून टाकू? पोराने मस्कतहून पाठवलंय.”

“विका कोण म्हणालं? क्लिपवरचा सेलच घ्या. तुम्ही पंखा धरा, क्लिप मी काढते.”

“तू? आवाज झाला की मैदानाच्या फाटकापाशी पळतेस. भीती वाटते ना तुला?”

“वाटते. म्हणून तर म्हणते, दोन्ही हातांनी धरा.”