उखाण्यात घातलेली चावी

हॅलो? … हो मावशी, पियूषच. ऑफिसात आहो, रामदासपेठेत… झालं वं जेवण. काय झालं ते सांग.

… कोणते शब्द? … ते बारा? तुह्या साडीच्या किनारींचे नमुने ठेवले, त्या ॲपच्या चावीचे? … अवं, पाठ करायले सांगितले होते, म्हणायले नाही! … उखाण्यात? काहून? … लक्षात राहावे म्हणून. बरं. … कुठं घेतला? … कांताबाईकडं, हळदीकुंकवाले. साऱ्या उमरेडच्या बायांसमोर.

… टाळ्या पडल्याच असतील.

… नाही, रागवून नाही राहिलो. ऐक ना… कंपनीले फोन? कोणत्या? मावशी, कंपनीच नाही ना तिथं. नमुने तुहे, ताबा तुहा, मधात कोणी नाही, म्हणून तर घेतलं ते. … हो, हो, तू मालकीण. पण ॲप तुले तोंडावरून नाही ओळखत. ज्याच्यापाशी शब्द, तो मालक. … हो, कांताबाईपण. तिच्याही घरी माग आहे. उद्या तुही कोयरीची किनार तिनं आपल्या नावानं टाकली, तर दाद कोणाले मागशील?

… काय? तिनं उघडूनही पाहिलं? … आणि उघडून नाही राहिलं म्हणून तुलेच विचारायले आली? … थांब. काय टाकलं तिनं? … पूर्ण उखाणा. तिच्या नवऱ्याच्या, बाबारावांच्या नावासकट.

… मावशी, तू धोंडबाकाकाजींचं नाव उखाण्यात घातलं, कुलपात नाही. … हो ना, ज्या त्या बाया आपापला नवरा टाकून राहिल्या, म्हणून उघडून नाही राहिलं. … हसू नको! ज्या दिवशी एखादी नवऱ्याले वगळून पाहील, त्या दिवशी किनार गेली.

… आत्ताच. ॲप उघड. खाली 'नवीन चावी' आहे… दाब. … फिरून राहिलं? फिरू दे. … आले नवे शब्द? झालं. जुना उखाणा आता कोणीही घेऊ दे. … कागदावर लिही, पेटीत ठेव.

… नाही, मले नाही सांगायचे. … विसरली तर? … तर कोणीच देऊ शकत नाही, मावशी. मीही नाही.

… हो. मालकीण म्हणजे तेवढं असतेच.

… अवं, बरोबर लिहिले का ते वाचून नको दाखवू… नको म्हणतो ना… मावशी!

… ऐकला. पहिला शब्द ऐकला मी. आता पुन्हा बदल. … हो, सगळेच. … मी लाइनवर असताना नाही वं! ठेवतो.