गोड लागतंय का

...नाही, महादेवभाऊ, करून देता येत नाही असं नाही, सामान आहे माझ्याकडे – तुमच्या वडिलांना टीबी, त्यांचं सगळं वहिनी करतात, त्यांना जपायला हवं, कळतं मला. हाच तो टोप, डोकं-तोंड सगळं झाकणारा. कमरेला बॅटरी न् छोटा ब्लोअर, ब्लोअरच्या तोंडाला फिल्टर – गाळलेली हवा आत ढकलत राहते, बाहेरची शिरत नाही. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली मी, हे काय अवघड?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत केला हा. आमची ही, रेबेका, घरीच आजारी, कुठे बेड मिळेना. नेरे गावाहून प्रमिला यायची कामाला, तिला पुसायची, कुशीवर वळवायची. दोन टोप करायचे ठरले. पहिला झाला तो मी घातला – का म्हणजे, तपासायला. तपासायलाच. दुसऱ्याला फिल्टर मिळायला दहा दिवस गेले. दहा दिवस मी टोपात, ती तोंडाला पदर बांधून – बरं, ते असू दे.

तपासतात कसं, तर साखरेऐवजी घेतात ना त्या गोळ्या, त्या पाण्यात विरघळवून टोपाभोवती फवारायच्या. आतल्या माणसाला गोड लागलं की टोप गळतोय. प्रमिलाला टोप चढवला, फवारलं, विचारलं, "गोड लागतंय का?" "नाय, काका." पुन्हा फवारलं. "नाय." काय बरं वाटलं मला –

दुसऱ्या दिवशी रेबेकाचा बिनसाखरेचा चहा चुकून तिच्या हातात गेला. तीन चमचे साखर घेणारी बाई, काही न बोलता प्यायली. मी म्हटलं, प्रमिला, चव कधी गेली? खाली बघत म्हणाली, "चार दिस झाले. सांगितलं असतं तर तुमी घरी धाडलं असतं. बाईंना कोन वळवनार?"

आठवडाभरात गेली. पाच महिने झाले. रेबेका उठली, हिंडते-फिरते. तिला सांगितलंय, प्रमिला लेकीकडे राहायला गेली. फोन लाव म्हणते, मी म्हणतो, लागत नाही.

तुम्ही खेपा घालताय, मी उद्या-उद्या करतोय. बसतो हो रोज. ब्लोअर फिरतो, सगळं चालतं, पण वहिनींना टोप चढवून मी विचारणार, आणि त्या नाही म्हणणार – मी काय समजायचं? दवाखान्यातून चांगले मास्क मागून घ्या. खिडक्या उघड्या ठेवा...

काय गं? – कोणी नाही, रेबेका, पत्ता विचारत होते. – जा, भाऊ. जा तुम्ही.