गांधीलमाश्यांची ओळखपरेड

...आणि वर बायको मलाच म्हणते, "तुम्ही घाबरलात!" मी? घाबरलो? अहो, डोक्यावर बादली पालथी घालून का होईना, पण अंगणात उभं राहून टॉवेल वाळत घालणाऱ्या माणसाला घाबरट म्हणतात होय?

तुम्हाला सांगतो, झालं काय, आमच्या कपड्यांच्या दोरीखालची जमीन जरा भुसभुशीत. तिथे गेल्या आठवड्यात भोकं पडली. एक, दोन, पाच... आणि त्यांतून निघाल्या माश्या! माश्या कसल्या, माझ्या करंगळीएवढं एकेक धूड! काळ्याभोर, पोटावर पिवळे पट्टे आणि कंबर तर अशी की... जाऊ दे, बायको ऐकतेय. तिने ते ध्यान बघितलं, ओल्या कपड्यांची बादली माझ्या पायाशी आदळली आणि निकाल दिला, "ह्या जाईपर्यंत कपडे तुम्ही वाळत घालायचे. मी तिकडे पाऊल टाकणार नाही."

झालं! म्हणजे माझी सुटका आता त्या माश्यांच्या हातात... त्यांना हात असतात का, देव जाणे.

मेहुणा धावत आला, "भाऊजी, मधमाश्या! धूर करा!" कुंपणापलीकडून शेजारच्या काकू, "छे हो, गांधीलमाश्या त्या! उकळतं पाणी ओता!" मी म्हटलं, थांबा! आधी ओळख पटू द्या! अहो, तीस वर्षं मी कचेरीच्या खिडकीत बसून फोटो आणि चेहरे ताडून पाहिलेत. सख्खा भाऊ आला तरी कागद बघितल्याशिवाय मी शिक्का मारला नसता... मारला नाहीच, म्हणून तर तो अजून माझ्याशी बोलत नाही.

मेहुण्याच्या ओळखीच्या एक बाई कॉलेजात किड्यांबद्दल शिकवतात. त्या म्हणाल्या, "फोटो पाठवा." आता फोटो म्हटला की माझं तोंड आपोआप सुरू होतं. मी माशीसमोर मोबाइल धरून, "सरळ बघा, मान वर, हलू नका!" ऐकते होय? चाळीस फोटो पाठवले. बाईंचा निरोप आला, "अठरांत बनियन आहे, एकविसांत तुमचा अंगठा, आणि एकात तुम्ही पळताय." तो शेवटचा मी कसा काढला, मलाच कळलेलं नाही!

शेवटी बाई स्वतः आल्या आणि थेट भोकांपाशी उकिडव्या बसल्या. मी दारातून बघतोय... दाराच्या आतून. तेवढ्यात एक दांडगा थेट माझ्या नाकासमोर येऊन गुंऽऽऽ! मी दोन पावलं आणखी आत! बाई म्हणतात, "गांधीलमाशीच आहे, जमिनीत घर करणारी. हा नर. सारखा तोंडासमोर येऊन आवाज करतो, पण त्याला नांगीच नसते."

बायकोच्या ओठांवर हसू. "आणि मादी?"

"तिला असते. पण तुमच्यामागे लागायला सवड कुठाय तिला? भोक खणायचं तिने, नाकतोडा ओढून आणायचा तिने, पिल्लांची सोय तिने. नर आपला नुसता घिरट्या घालतो."

"पटली हो ओळख," बायको म्हणाली, "अगदी पटली!" आणि बघत कुणाकडे होती? माझ्याकडे!

बाई म्हणाल्या, हात लावू नका, त्या काही करत नाहीत, मोसम संपला की आपोआप दिसेनाशा होतील. तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला! ओळख पटली, धोका नाही, प्रकरण निकालात! मी बादली उचलली, अदबीने बायकोपुढे ठेवली. म्हटलं, "जा, आता बिनधास्त जा."

तर म्हणते कशी, "अहो, इतके दिवस तुम्ही कपडे वाळत घालायला गेलात की माझा जीव टांगणीला लागायचा. आता धोकाच नाही म्हटल्यावर मी कशाला तुम्हाला अडवू?"

आता रोज सकाळी आम्ही दोघंच असतो दोरीखाली, मी आणि तो नर. पण त्याचं बरंय हो... त्याला निदान कुरकुर तरी करता येते!